बापाची रजा

माहूरगडास जो यात्रेकरू येतो तो आईच्या दर्शनास येतो. रेणुकामातेचें स्थान हें महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक. गडावर तिचें मंदिर, दुसऱ्या शिखरावर श्रीदत्त, तिसऱ्यावर अनसूया. या टेकड्यांमध्यें आईच्या कथा जितक्या ऐकावयास मिळतात तितक्या बापाच्या मिळत नाहींत. जमदग्नीची आठवण होते ती त्याच्या कोपामुळें. अनसूयेच्या आख्यानांत तर तीन देव तान्हीं बाळें होऊन पाळण्यांत निजले तेव्हां अत्रि ऋषि आश्रमांत नव्हतेच. ते अनुष्ठानास गेले होते आणि परत आल्यावर त्यांना हा वृत्तांत कळला, असें कथेकरी सांगतात. कथेकऱ्यांस यांत कांहीं वावगें वाटत नाहीं, श्रोत्यांसही वाटत नाहीं. घरीं मूल यावें आणि बाप कामावर असावा, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे.

गेल्या वर्षीं आम्हीं आठवीच्या वर्गास एक लहानसा अभ्यास दिला होता. 'तुमचा जन्म झाला त्या दिवशीं तुमचे वडील कोठें होते व त्यांस बातमी कशी कळली, हें घरीं विचारून लिहून आणा.' वह्या तपासतांना आम्हांस प्रथम हसूं आलें आणि मग आम्ही विचारांत पडलों. एकाचे वडील मुक्कामाच्या एस. टी. वर होते. एकाचे ऊसतोडीच्या फडांत. एकाचे पुण्यास बांधकामावर, आणि त्यांनीं मुलाचें तोंड पाहिलें तें दीड महिन्यानें. एका मुलीचे वडील गडावर तांबुलाच्या दुकानांत विडे कुटीत बसले होते, कारण त्या दिवशीं नवरात्राची सातवी माळ होती, आणि नवरात्रांत दुकान बंद ठेवणें म्हणजे वर्षाच्या कमाईवर पाणी सोडणें. दवाखान्याच्या ओसरीवर प्रत्यक्ष हजर असलेले वडील थोडे, आणि त्यांतील बहुतेक सरकारी नोकरदार. त्या वह्यांमुळेंच हा लेख लिहावा असें मनांत आलें.

रजा हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांस चांगला ठाऊक आहे. परंतु भरपगारी रजा म्हणजे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. काम न करतां जो पगार मिळतो तो आकाशांतून पडत नाहीं. तो मालक देतो, किंवा सरकार देतें, किंवा मालक, नोकर व सरकार या तिघांनीं मिळून भरलेल्या एखाद्या निधींतून तो निघतो. या तीन वाटांपैकीं कोणती वाट धरावी यावरच या विषयाचें बरेंचसें बरेंवाईट अवलंबून आहे. हें समजण्यासाठीं प्रथम आईच्या रजेचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण बापाची रजा ही तिचीच धाकटी बहीण होय.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. त्यांत असें ठरलें कीं, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रीस प्रसूतीच्या आधीं सहा व नंतर सहा आठवडे विश्रांति मिळावी. हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून त्या अधिवेशनास आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. परत आल्यावर त्यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत याच विषयाचें बिल आणलें. तें फेटाळलें गेलें. पुढें मुंबई कायदेमंडळांत असेंच बिल आलें, तेव्हां २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनें बोलले. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा होता कीं, मातेला विश्रांति मिळणें हें साऱ्या राष्ट्राच्या हिताचें आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनें उचलणें योग्य. परंतु स्त्रियांच्या श्रमावर ज्याला नफा होतो त्या मालकालाही यांतून अगदीं मोकळें सुटतां येणार नाहीं. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला. आपला माहूर-किनवट मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें मुंबईचा कायदा इकडे लागूं नव्हता, आणि ज्यासाठीं तो कायदा झाला त्या कापडगिरण्याही येथें नव्हत्या. स्वातंत्र्यानंतर १९६१ सालीं सर्व देशासाठीं प्रसूति लाभ कायदा झाला व त्यानें १२ आठवडे दिले. २०१७ मध्यें पहिल्या दोन अपत्यांकरितां त्याचे २६ आठवडे झाले. या तरतुदी आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेण्यांत आल्या आहेत.

या संहितेंत बापाच्या रजेचें कलम मात्र नाहीं.

मग बापास कांहींच मिळत नाहीं काय? मिळतें, पण थोड्यांस. पांचव्या वेतन आयोगानंतर १९९७ सालीं केंद्र सरकारनें आपल्या पुरुष नोकरांस १५ दिवसांची भरपगारी पितृत्व-रजा देऊं केली. दोनपेक्षां कमी अपत्यें हयात असलेल्या नोकरास ती मिळते. प्रसूतीच्या आधीं १५ दिवसांपासून तों जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हांही ती घेतां येते, आणि त्या मुदतींत घेतली नाहीं तर ती बुडते. महाराष्ट्र शासनानें २०१८ च्या जुलै महिन्यांत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांस दिली. तींत पुरुषही आहेत, परंतु कोणते? ज्यांस पत्नी नाहीं असे, किंवा ज्यांची पत्नी असाध्य आजारानें अंथरुणास खिळली आहे असे. नियम करणारांची सहानुभूति यांत दिसते, याबद्दल शंका नाहीं. परंतु आई असेपर्यंत बापाची गरज नाहीं, असेंही त्या नियमांतून नकळत बोललें जातें, हें आम्हांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

येथें आपल्या भागाचें नांव या विषयांत येतें. माहूर तालुका किनवट विधानसभा मतदारसंघांत मोडतो आणि किनवट हा हिंगोली लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. २०१४ ते २०१९ या काळांत हिंगोलीचे खासदार राजीव सातव हे होते. मूळचे कळमनुरी तालुक्यांतील. त्यांनीं लोकसभेकरितां 'पितृत्व लाभ विधेयक, २०१७' तयार केलें. सरकारी नोकरांस जे १५ दिवस मिळतात ते खाजगी नोकरींतील व असंघटित अशा सर्वच कामकरी बापांस मिळावेत, आणि त्यांची मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवितां यावी, अशी त्याची मुख्य मागणी. मूल वाढविणें ही आई व बाप या दोघांची सामायिक जबाबदारी होय, हें त्यामागचें तत्त्व. पैशाची वाट त्यांनीं तिसरी धरली होती, म्हणजे नोकर, मालक व केंद्र सरकार या तिघांच्या वर्गणीचा निधि. दिल्ली-मुंबईच्या एखाद्या कचेरींतून ही मागणी निघती तर कोणास नवल वाटलें नसतें. ती मराठवाड्याच्या या कोपऱ्यांतून, जेथें पगार हा शब्दच थोड्या घरांत नांदतो, तेथून निघाली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी असें आम्हांस वाटतें.

विधेयक पास झालें नाहीं. मंत्री नसलेल्या सभासदानें आणलेल्या बिलास खाजगी विधेयक म्हणतात. त्यांच्यासाठीं अधिवेशनांत शुक्रवारच्या दुपारचे दोन-अडीच तास राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यापासून अशीं अवघीं १४ बिलें कायदा होऊं शकलीं, आणि त्यांतील शेवटचें १९७० सालीं. लोकसभेची मुदत संपली कीं तिच्यांत राहिलेलीं बिलें आपोआप रद्द होतात. २०१९ मध्यें तेंच झालें. राजीव सातव पुढें राज्यसभेवर गेले, आणि २०२१ च्या मे महिन्यांत, कोरोनाच्या आजारानंतर, वयाच्या ४६ व्या वर्षीं वारले.

या विषयास विरोध करणारांचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. २०१६ सालीं केंद्रांत महिला व बालविकास खात्याच्या मंत्री मेनका गांधी यांनीं असें मत दिलें होतें कीं, पुरुषांस अशी रजा दिली तर ती त्यांस नुसती सुटी होईल. हें मत कडू आहे, पण पारावर पत्ते कुटीत बसलेले रजेवरचे बाप ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस तें सर्वस्वी खोटें म्हणतां येणार नाहीं. मात्र याचीच दुसरी बाजू अशी कीं, आईच्या २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकावर पडतो आणि बापाच्या रजेचा प्रश्नच नसतो, तेव्हां मालक मुलाखतींतच तरुण मुलीस परत पाठविण्याची वाट शोधतो. मूल झाल्यावर नोकर अडतो, मग तो स्त्री असो वा पुरुष, असें मालकास दिसूं लागलें तर मुलींस नोकरी नाकारण्याचें हें एक कारण तरी कमी होईल. ज्यांच्या घरीं शिकणाऱ्या मुली आहेत त्या पालकांनीं या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावें.

रजेंत बापानें करावयाचें तरी काय, हा प्रश्न एका आजोबांनीं पालकसभेंत आम्हांस विचारला होता. 'बाळंतिणीच्या खोलींत पुरुषाचें काय काम?' त्यांचें म्हणणें खरें धरलें तर पंधरा दिवस काय, पंधरा मिनिटेंही नकोत. यासाठीं थोडें तपशिलांत जाऊं.

जन्मल्यापासून पहिले २८ दिवस हे मुलाच्या आयुष्यांतील सर्वांत धोक्याचे. वर्षाच्या आंत जीं मुलें दगावतात त्यांपैकीं बहुतांश या पहिल्या महिन्यांतच जातात. हें आपण गडचिरोलीकडून शिकलों. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें ३९ खेड्यांत गांवच्याच बायांस नवजात बाळाची काळजी घ्यावयास शिकविलें. बाळ उबेंत कसें ठेवावें, श्वास कसा मोजावा, जंतुसंसर्गाचीं लक्षणें कशीं ओळखावीं. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचें फळ प्रसिद्ध झालें. नवजात मुलांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं जी फेरी घालते ती याच प्रयोगाची लेक. आतां पाहा, आशाताईनें सातव्या दिवशीं सांगितलें कीं बाळाची छाती आंत ओढली जात आहे, यास आतांच दवाखान्यांत न्या, तर नेणार कोण? बाळंतीण बाजेवर, सासू म्हणते आधीं अंगारा लावूं, आणि माहूरपासून नांदेडचें मोठें इस्पितळ शंभर किलोमीटरांहून अधिक. त्या वेळीं घरांत निर्णय घेणारा आणि गाडी ठरविणारा माणूस असणें वा नसणें, यावर एक जीव टिकतो वा जातो.

दुसरी गोष्ट उबेची. कमी वजनाचें मूल उघड्या छातीवर, कातडीस कातडी लावून, धरून ठेवण्याची पद्धत १९७८ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा येथें सुरू झाली. कांगारूच्या पोटपिशवीवरून तिला नांव पडलें. आई दमली असेल तेव्हां हें काम बापाच्या छातीनेंही होतें. आजोबांच्या प्रश्नास हें एक उत्तर. तिसरी गोष्ट चिकाच्या दुधाची. पहिलें पिवळसर दूध पिळून टाकण्याची चाल अद्याप कांहीं घरांतून आहे, आणि त्यास घरांतील वडीलधाऱ्या बायांपुढें सून 'नको' म्हणूं शकत नाहीं. मुलगा म्हणूं शकतो. शिवाय २१ दिवसांच्या आंत जन्माची नोंद, पहिल्या लसी, रात्रीं एक-दोन तास बाळास खांद्यावर घेऊन आईस झोपूं देणें, मोठें भावंड असेल तर त्याची शाळा व जेवण. कामें मोजूं लागलें तर पंधरा दिवस पुरत नाहींत.

पण आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि तिचा विचार कोणत्याही बिलांत नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरीं! सातव्या महिन्यांत ओटी भरून लेक माहेरीं जाते आणि सव्वा महिना, कधीं तीन महिने, तेथेंच राहते. डिंकाचे लाडू, हळीव, शेक-शेगडी हें सारें तिच्या आईच्या हातचें. जांवई बारशास येतो, पाहुण्यासारखा पाटावर बसतो, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जातो. तो पंधरा दिवस सासुरवाडींत राहिला तर गांव काय म्हणेल? आमच्या ओळखीच्या एका तरुण कारकुनानें पितृत्व-रजा घेतली आणि खरोखरच सासुरवाडीस जाऊन राहिला. पहिले तीन दिवस सासरे त्याच्याशीं नीट बोलेनात. चौथ्या रात्रीं बाळ रडूं लागलें, घरांतील बाया दमून झोपलेल्या, आणि जांवई त्यास घेऊन अंगणांत फेऱ्या घालीत होता. पहांटे सासऱ्यांनीं स्वतः चहा करून त्याच्या हातीं दिला. ही मुलगी आतां बालवाडींत आहे.

क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांकरितां आतां दोन शब्द. १९७६ च्या फेब्रुवारींत सुनील गावसकर यांस मुलगा झाला तेव्हां ते न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते, आणि तेथून संघ परभारें वेस्ट इंडीजला गेला. मुलाची भेट फार दिवसांनीं झाली. २०१९ च्या ऑक्टोबरांत अजिंक्य रहाणे विशाखापट्टणम येथें कसोटी खेळत असतांना त्यांस कन्या झाली. २०२० च्या डिसेंबरांत कप्तान विराट कोहली मात्र ऑस्ट्रेलियांतील पहिली कसोटी संपल्यावर पितृत्व-रजा घेऊन घरीं आले, आणि रहाणे यांनीं कप्तानी करून ती मालिका २-१ नें जिंकून दिली. त्याच दौऱ्यावर तमिळनाडूंतील एका खेड्यांतून आलेला टी. नटराजन हा गोलंदाज होता. त्याची मुलगी आय. पी. एल. चालू असतांना जन्मली. तो तेथून थेट ऑस्ट्रेलियास गेला व जानेवारींत परतल्यावरच त्यानें तिला प्रथम पाहिलें. हा फरक गावसकर यांनींच एका लेखांत दाखवून दिला होता. कोहलींनीं रजा घेतली हें योग्यच केलें. परंतु ज्याची जागा पक्की त्याला रजा मागतां येते, आणि ज्याची जागा उद्यां राहील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं त्याला मागावीशी वाटली तरी तो मागत नाहीं, हें मैदानावर जितकें खरें तितकेंच बांधकामावर.

परदेशांत काय आहे? स्वीडन देशानें १९७४ सालींच आईची रजा मोडून ती आई-बाप दोघांची केली. तरी वीस वर्षें बाप ती फारशी घेईनात. १९९५ मध्यें एक महिना असा ठरविला कीं तो बापानेंच घ्यावा, नाहींतर तो वाया जाईल. मग बाप घरीं दिसूं लागले. आज तेथें ४८० दिवसांपैकीं ९० दिवस बापाचे राखीव आहेत. जपानांत कायदा उदार आहे, पण २०१२ सालीं शंभरांत दोन बापही रजा घेत नव्हते, कारण सहकारी काय म्हणतील ही भीति. २०२३ पर्यंत तें प्रमाण शेंकडा ३० वर आलें.

आतां त्या वह्यांकडे पुनः वळूं, कारण त्यांतील बहुतेक वडिलांस मालक तरी कोठें आहे? सालगडी पाडव्यास ठरतो आणि पुढल्या पाडव्यापर्यंत बांधलेला असतो. बायको बाळंत झाली म्हणून तो घरीं राहिला तर तो खाडा, आणि खाडे भरून द्यावे लागतात. ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. बायको बाळंतपणामुळें बसली तर कोयता अर्धा झाला, त्यांत नवराही बसला तर उचल फिटावयाची कशी? केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेंत पहिल्या बाळंतपणास ५,००० रुपये आईच्या खात्यांत येतात, ही चांगली गोष्ट आहे. बापाच्या बुडालेल्या मजुरीसाठीं त्यांत कांहीं नाहीं. तांबूल कुटणाऱ्याचें दुकान त्याचेंच; तो कोणाकडे अर्ज करणार? सातव यांच्या बिलांतील निधीची कल्पना आम्हांस मोलाची वाटते ती याचसाठीं. मालकाचा शोध न घेतां जो निधि थेट कामकऱ्यास पोहोंचेल तोच या लोकांच्या उपयोगीं पडेल. त्यांची वर्गणी कोणीं व कशी गोळा करावी, हा त्यांतील कठीण भाग; परंतु १९२४ सालीं जोशी यांच्या बिलापुढेंही अडचणी थोड्या नव्हत्या.

नाताळच्या नाटुकल्यांत आपल्या शाळेंतील मुलें दरवर्षीं योसेफ होतात. तो सुतार, हातावर पोट असलेला. बेथलेहेमास तो मरियेसोबत गेला तो बादशहाच्या हुकुमानें, नांव नोंदविण्यास. रजा घेऊन नव्हे. पण गोठ्यांत तो हजर होता, आणि पुढें रात्रींच्या रात्रीं बाळ व त्याची आई यांना घेऊन मिसर देशास निघाला तोही तोच. नाटुकल्यांत त्याच्या वांट्यास संवाद फार थोडे येतात, म्हणून ही भूमिका घ्यावयास मुलें नाखूष असतात, हें आम्ही पाहत आलों आहों.

तांबुलवाल्यांच्या त्या मुलीच्या वहींत शेवटीं दोन ओळी होत्या. बातमी त्यांस दुपारीं कळली. शेजारच्या दुकानदारानें 'जा, मी तुझें गिऱ्हाईक सांभाळतों' असें सांगितलें, आणि ते गडाच्या पायऱ्या उतरून हाताचा रंग न धुतांच दवाखान्यांत पोहोंचले. आईनें तिला सांगितलें होतें कीं, दुपट्यावर तो लाल डाग अद्याप आहे. यंदाच्या आठवीसही आम्हीं तोच अभ्यास दिला आहे. दिवाळीच्या सुटीनंतर वह्या आणावयाच्या आहेत.